अडचण : नाही

आमच्या विभागात दर सत्रात एक दुपार पेनांची असते. तपासणी समिती येणार असं पत्र आलं की शिपाई कपाटातल्या फायली काढून स्टाफरूमच्या लांब टेबलावर आणून ठेवतो, कॅन्टीनमधून चहा आणि साबुदाणा वडे येतात, आणि आम्ही सगळे मेंटॉर आपापल्या विद्यार्थ्यांचे फॉर्म भरायला बसतो. मेंटॉर म्हणजे प्राध्यापकाच्या वाट्याला आलेल्या वीस-पंचवीस मुलांचा कागदोपत्री पालक. सत्राच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा त्यानं प्रत्येक मुलाला वेगळं भेटावं, अभ्यासाची, तब्येतीची, घरची विचारपूस करावी, काय सल्ला दिला ते लिहून ठेवावं, अशी अपेक्षा आहे. अपेक्षा उत्तमच आहे. ज्यानं ती केली त्याला एकाच सत्रात चार पेपर, दोन प्रात्यक्षिकं आणि निवडणुकीची ड्यूटी कधी लागली नसावी.

या कामाला दोन पेनं लागतात, एक निळं आणि एक काळं. सगळे फॉर्म एकाच शाईत दिसले तर समितीला शंका येते. मी तर या कलेत तरबेज झाले होते. काही फॉर्मवर अक्षर थोडं तिरकं काढायचं, काहींवर सरळ, तारखा मागेपुढे टाकायच्या. एखाद्या फॉर्मवर चहाचा ओघळ असायचा, तेवढा मात्र खरा. मुलांच्या सह्या आधीच घेऊन ठेवलेल्या असत. कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा वर्गात फिरवायचा, 'खाली उजवीकडे सही करा' म्हणायचं, की झालं. बुधवार पेठेत मी ज्यांच्याकडून पेनं घेते ते दुकानदार तर 'एक निळं, एक काळं द्या' म्हटलं की वर न बघता विचारतात, "समिती येतेय वाटतं?"

फॉर्मवर शेवटून दुसरा रकाना आहे, 'विद्यार्थ्याची अडचण'. जेमतेम एका ओळीचा. त्यात मी सव्वीस वर्षं एकच शब्द लिहीत आले. नाही.

मी भूगोल शिकवते. त्यातही सुदूर संवेदन, म्हणजे उपग्रहानं काढलेल्या चित्रांवरून जमीन वाचायची विद्या. कुठलं शेत भिजलंय, कुठली विहीर आटलीय, कुठल्या गावाच्या बांधावर झाडं राहिली नाहीत, हे मी पडद्यावर बोट ठेवून सांगू शकते. मुलं म्हणतात, मॅडम कडक आहेत पण शिकवतात छान. दोन्ही खरं आहे. माझा तास सोमवारी आणि बुधवारी सकाळी नऊला असतो. मी हजेरी रोल नंबरानं घेते आणि घेताना मान वर करत नाही, वेळ जातो.

यंदा गणपती उठल्यावर विभागात तो सल्ला-सहायक आला. तोवर सत्राच्या सुरुवातीचे फॉर्म ऑगस्टमध्ये आम्ही नेहमीच्या पद्धतीनं भरून मोकळे झालो होतो. सहायक म्हणजे संगणकावरची एक चौकट. आपण मराठीत लिहायचं, तो मराठीत उत्तर देणार. मुलांचे गुण, हजेरी, आम्ही भरलेले फॉर्म, अभ्यासक्रमाचे नियम, परिपत्रकं सगळं त्याला दाखवलेलं. मुलांची नावं मात्र त्याच्यापुढे जात नाहीत, फक्त रोल नंबर. त्याचं काम मुलांना सल्ला देण्याचं नाही. आम्ही मुलांना भेटण्याआधी आमची तयारी करून द्यायची, कुणाला काय विचारायला हवं ते सुचवायचं, नियम शोधून द्यायचे, एवढंच. विभागप्रमुखांनी सगळ्यांना एकत्र बसवून हे सांगितलं आणि शेवटी जोडलं, "आपल्यापैकी कुणाला यानं त्रास होणार नाही. आपण तशीही तयारी करत नाही."

विभागप्रमुख नारायण पेठेतले. मीही तिथलीच. त्यामुळे आम्हाला एकमेकांचं बोलणं लागत नाही.

घरी जेवताना मी हे आमच्या ह्यांना सांगितलं. ते बँकेतून निवृत्त झाल्यापासून जगातल्या कुठल्याही नव्या गोष्टीवर मत द्यायला मोकळे असतात. "चांगलंय की," ते म्हणाले, "म्हणजे आता 'नाही' लिहायचा त्रासही वाचला. ते लिहील." मला तेव्हा राग आला, पण दुसऱ्या दिवशी मी नेमकं तेच करायला गेले.

ऑक्टोबर लागला होता. सत्राच्या शेवटच्या भेटीचे फॉर्म भरायचे होते आणि माझे पेपर तपासायचे पडले होते. मी चौकटीत लिहिलं, 'माझ्या बावीस विद्यार्थ्यांचे मेंटॉर-भेटीचे फॉर्म भरून दे.' अहो-जाहो मी माणसांसाठी राखून ठेवते.

चहा संपायच्या आत बावीस फॉर्म तयार. मी एकेक उघडून बघायला लागले आणि खरं सांगते, थक्क झाले. गुण, हजेरी, कुठल्या विषयात कोण चढलं, कोण घसरलं, सगळं नेटकं. एका मुलानं तिसऱ्या वर्षासाठी जे विषय निवडलेत त्यांनी त्याची पदवी एका पेपरानं अडेल, हे सहायकानं शोधून काढलं होतं. तो मुलगा माझ्यासमोर रोज बसतो आणि मला हे माहीत नव्हतं. एका मुलीचे गणिताचे गुण पाहून त्यानं सुचवलं होतं, की हिला विभागात शिकवणी-सहायकाचं काम विचारता येईल. भाषा साधी, सरळ. आमच्या परिपत्रकांपेक्षा कितीतरी बरी.

पण बावीसच्या बावीस फॉर्मवर अडचणीचा रकाना कोरा. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती : 'हे मला नोंदींवरून कळू शकत नाही. भेटीनंतर आपण भरावं.'

मी चिडले. लिहिलं, 'तिथे सगळीकडे नाही असं लिही.'

त्याचं उत्तर आलं, 'भेटीत तसं समजलं असेल तर आपण जरूर लिहावं. भेट झाली आहे का हे मला माहीत नाही, म्हणून मी माझ्याकडून लिहिलेलं नाही. शिवाय रोल नंबर एकेचाळीसची नोंद एकदा पाहावी असं वाटतं.'

एकेचाळीस! नंबर मला पाठ होता, कारण या मुलीवर माझा राग होता. सत्रभर सोमवारी आणि बुधवारी माझ्याच तासाला तिची दांडी. मी ते मनाला लावून घेतलं होतं. इतक्या वर्षांत माझ्या तासाला कुणी अशी ठरवून दांडी मारलेली नव्हती. चेहरा विचाराल तर तो मात्र नीट डोळ्यांपुढे येईना. वाशिमकडची आहे आणि गप्प असते, एवढंच आठवलं. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली होती आणि शुक्रवारी परीक्षेला न बसू देण्याच्या मुलांची यादी लागणार होती. माझा पेपर मुख्य विषयाचा आहे. त्याला बसता आलं नाही तर तिसऱ्या वर्षात जाता येत नाही. थोडक्यात, एकेचाळीसचं एक वर्ष जाणार होतं, आणि खरं सांगायचं तर तोवर मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

मी लिहिलं, 'आळशी आहे. सकाळी उठवत नसेल.'

'असू शकेल,' त्यानं लिहिलं. 'पण मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवारी सकाळी आठला प्रात्यक्षिकं असतात आणि त्यांना ही विद्यार्थिनी एकदाही गैरहजर नाही. उशिरा उठण्याची सवय असती तर ती त्या दिवशीही दिसली असती. सोमवारी आणि बुधवारीही दुपारच्या तासांना ती आहे. कारण काय ते मला माहीत नाही आणि मी अंदाज करू नये. तिलाच विचारलेलं बरं. विचारताना "का येत नाहीस" याऐवजी "सोमवारी आणि बुधवारी सकाळी काय असतं" असं विचारून पाहता येईल.'

मी खुर्चीत मागे टेकून बसले. एवढं साधं. मंगळवारी आठला येणारी मुलगी सोमवारी नऊला येत नाही, हे वेळापत्रक आणि हजेरी शेजारी-शेजारी ठेवली की कुणालाही दिसलं असतं. दोन्ही कागद माझ्याच कपाटात होते. पण मला दिसायला हवं असतं तर ना. मला फक्त माझा अपमान दिसत होता. आणि सव्वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला प्रश्न कसा विचारावा हे सांगणाऱ्या त्या चौकटीचा राग यायला हवा होता, तो आला नाही. मला ती शहाणी वाटली.

मंगळवारी प्रात्यक्षिक संपल्यावर मी तिला थांबवून घेतलं. लहानखुरी मुलगी, पाठीवर तिच्यापेक्षा मोठी सॅक. 'मॅडम ओरडणार' हे चेहऱ्यावर लिहिलेलं. मी तो प्रश्न जसाच्या तसा विचारला. "सोमवारी आणि बुधवारी सकाळी काय असतं गं तुझं?"

तिनं एकदम वर पाहिलं. "बाळ असतं, मॅडम," ती म्हणाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ती हिंजवडीला बहिणीकडे राहते. बहीण आणि मेहुणे दोघंही आयटीत. बहिणीला आठ महिन्यांचं बाळ. तिची बाळंतपणाची रजा संपून जून-जुलैत ती पुन्हा कामावर रुजू झाली. इतर दिवशी दोघांपैकी एक जण घरून काम करतो, पण सोमवारी आणि बुधवारी दोघांनाही ऑफिसात जावंच लागतं. कंपनीची बस साडेसातला. बाळाला सांभाळायला येणाऱ्या मावशी दहाला येतात, त्याआधी त्यांना दुसरं घर आहे. मधले अडीच तास बाळ एकेचाळीस नंबरच्या मांडीवर. मावशी आल्या की ही बस पकडते, आणि हिंजवडीच्या त्या गर्दीतून शहरात पोचेपर्यंत माझा तास संपून दीड तास झालेला असतो.

"मग बहिणीला सांगितलंस का, हजेरी कमी पडतेय म्हणून?"

"नाही." आतापर्यंत ती माझ्याशी जपून पुस्तकी मराठीत बोलत होती, ती एकदम तिच्या बोलीवर आली. "तिले सांगू नका जी. तिले कळलं तर ती नोकरी सोडंल, नाहीतर मले गावाले धाडंल. ती म्हणते, तुझा तास बाराला हाये ना. मी हो म्हटलं."

"आणि परीक्षेला बसू दिलं नाही तर काय सांगणार होतीस?"

तिनं खांदे उडवले. ते उर्मटपणाचं नव्हतं. त्या प्रश्नापर्यंत तिनं स्वतःला जाऊच दिलं नव्हतं.  माझा तास बुडवून ती बहिणीची नोकरी सांभाळत होती, आणि मी सत्रभर तिच्या नावापुढे फुल्या मारत होते.

दुपारी मी पुन्हा चौकटीसमोर बसले आणि तिची ओळख पटेल असं काही न लिहिता सगळा प्रकार मांडला. या वेळी मी 'सांगा' लिहिलं. माझं मलाच हसू आलं, पण खोडलं नाही.

त्यानं दोन वाटा काढून दिल्या. पुढच्या सत्रासाठी तुकडी बदलून घ्यायची, कारण दुसऱ्या तुकडीला हाच विषय मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी असतो आणि विभागप्रमुखांच्या सहीनं बदल करता येतो. या सत्रासाठी हजेरीची सवलत मागायची. सवलत किती टक्क्यांपर्यंत मिळते तेही त्यानं सांगितलं आणि लगेच लिहिलं, 'माझ्यासमोरचं परिपत्रक गेल्या वर्षीचं आहे, आकडा बदललेला असू शकतो, कार्यालयात पडताळून घ्यावा.' मी पडताळला. बदललेला होता, सुदैवानं आमच्या बाजूनं. आपल्याला काय ठाऊक नाही ते न विचारता सांगणारा सल्लागार मी या इमारतीत पहिल्यांदा पाहत होते.

पण सवलतीला एक अट होती. विद्यार्थ्यानं आपली अडचण सत्राच्या सुरुवातीच्या भेटीत मेंटॉरला सांगितलेली असली पाहिजे, आणि तशी नोंद मेंटॉरच्या फायलीत असली पाहिजे.

मी फाईल काढली. रोल नंबर एकेचाळीस. भेटीची तारीख जुलैमधली. खाली उजवीकडे तिची बारीक सही. आणि अडचणीच्या रकान्यात निळ्या शाईत, जरा तिरक्या अक्षरात, माझा शब्द.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला आवडत नाही. माझ्या पर्समध्ये ती दोन्ही पेनं होती. कपाटात कोरे फॉर्म होते. जुना फॉर्म काढायचा, नवा लावायचा, पोरीची सही घ्यायची, रकान्यात 'घरी लहान बाळ, सोमवार-बुधवार सकाळी सांभाळावं लागतं' असं लिहायचं, पाच मिनिटांचं काम. यात कुणाचं नुकसान नव्हतं, उलट भलंच होतं. मी नवा फॉर्म टेबलावर काढूनही ठेवला. मग वाटलं, अर्जासोबत माझं शिफारसपत्रही लागेल, ते आधी करून घेऊ. चौकटीत लिहिलं, 'विद्यार्थिनीनं जुलैच्या भेटीतच मला अडचण सांगितली होती, असं शिफारसपत्र तयार करा.'

पत्र आलं. सुरेख होतं. मुलीची प्रात्यक्षिकांची पूर्ण हजेरी, तिचे चांगले गुण, घरची जबाबदारी, सगळं नेमक्या शब्दांत. जुलैचं वाक्य मात्र त्यात नव्हतं. खाली लिहिलं होतं :

'जुलैच्या भेटीबद्दलचं वाक्य मी घातलेलं नाही, कारण फायलीतली नोंद उलट आहे आणि अडचण आपल्याला आजच कळली असं आपण वर लिहिलं आहे. जुलैची भेट प्रत्यक्षात झाली नसेल, तर तसं स्पष्ट सांगणं विद्यार्थिनीच्या दृष्टीनं अधिक भक्कम ठरेल. न सांगणाऱ्या विद्यार्थ्याला नियम सवलत नाकारतो. जिला विचारलंच गेलं नाही, तिनं सांगितलं नाही असं म्हणता येणार नाही. मात्र हे फक्त आपणच सांगू शकता, आणि त्याचा परिणाम आपल्यावर होऊ शकतो. निर्णय आपला आहे. आपण म्हणाल तर तसा मसुदा करून देईन.'

मी ते तीनदा वाचलं. त्यात उपदेश नव्हता, आरोप नव्हता. मला तर उपदेशाची इतकी सवय आहे, द्यायचीही आणि घ्यायचीही, की तो नसल्याचंच नवल वाटलं. त्यानं मला खोटी म्हटलं असतं तर मी भांडले असते. त्यानं फक्त खरं बोलण्याचा फायदा कुणाला होईल ते दाखवलं, आणि किंमत कोणाला मोजावी लागेल तेही लपवलं नाही. चांगला वकील हेच करतो म्हणतात. चांगला मित्रही.

संध्याकाळी घरी ह्यांना विचारलं. वाटलं, काहीतरी तिरकं बोलतील. ते पेपरची घडी घालत म्हणाले, "अगं, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या फॉर्मवर काहीतरी खरं लिहायची वेळ आलीय. लिहून टाक." आणि मग तिरकं बोललेच, "निवृत्तीला सहा वर्षं आहेत. घरी बसवलं तरी भाजी निवडायला माणूस मिळेल."

गुरुवारी सवलतीच्या अर्जांवर समिती बसली. अध्यक्ष विभागप्रमुख, बाजूला दुसऱ्या विभागांतले दोन प्राध्यापक, ते शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. एकेचाळीसचा अर्ज आला तेव्हा विभागप्रमुखांनी फाईल उघडली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "मॅडम, आपल्याच अक्षरात 'नाही' लिहिलंय. आता 'आहे' कसं झालं?"

 हातात सहायकाकडून करून घेतलेला मसुदा होता, पण मी तो वाचला नाही. म्हटलं, "सर, ही भेट झालेली नाही. मी तिला बोलावलंच नव्हतं. फॉर्म मी ऑगस्टमध्ये एका दुपारी बसून भरलाय. तिला कुणी विचारलं नाही, त्यामुळे तिनं सांगितलं नाही असा दोष तिच्यावर येत नाही. तो माझ्यावर येतो."

"आपल्याकडे विद्यार्थी किती?"

"बावीस."

"त्यातल्या भेटी किती झाल्या?"

"शून्य, सर."

 ऑगस्टमधल्या त्या दुपारी, स्टाफरूमच्या त्या लांब टेबलाशी, साबुदाणा वड्याची बशी माझ्याकडे सरकवणारे विभागप्रमुखच होते. ते आम्हा दोघांनाही आठवत होतं. त्यांनी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाले, "माझ्याकडे अठरा आहेत." एवढंच. त्यांनी अर्जावर 'मंजूर' लिहून सही केली, तुकडी बदलण्याच्या अर्जावरही केली, आणि मला म्हणाले, "आपण याचा लेखी खुलासा द्यावा. फायलीला लागेल." मी बरं म्हटलं. "आणि तो सहायकाकडून लिहून घ्या," ते म्हणाले, "आपलं अक्षर समितीला आता माहीत झालंय."

मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जे वाटलं ते मी त्यांना कधी सांगणार नाही.

खुलासा मी हातानंच लिहिला. शुक्रवारी यादी लागली, तीत एकेचाळीस नव्हता. ती दुपारी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. पेढे वगैरे काही नव्हतं, बरं वाटलं. सत्राच्या शेवटच्या भेटीचा तिचा फॉर्म भरायचा होता. सहायकानं तयार केलेला कागद माझ्यासमोर होता, गुण, हजेरी, पुढच्या सत्राची नवी तुकडी, सगळं भरलेलं, आणि तो एक रकाना कोरा. मी तिला खुर्ची दिली. फायलीतला जुना फॉर्मही समोर उघडा होता. तिची नजर त्यावर गेली, माझ्या निळ्या शब्दावर थांबली.

मला राहवलं नाही. म्हटलं, "अगं, एकदा तरी येऊन सांगायचंस मला. मी काय खाते का?"

 ती त्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, मी सही केली ना, तवा हे कोरंच होतं. मले वाटलं, तुम्ही बोलावून विचारसाल आन् मंग भरसाल. मी पाठ करून ठेवलं होतं, काय सांगायचं ते. ताईच्या बाळाले म्हणून दाखवत होती रोज."

"किती दिवस?"

"गणपतीपर्यंत. मंग देल्लं सोडून."

 मी चष्मा पुसला, पुन्हा लावला. शेवटी म्हटलं, "आठवतंय अजून?"

तिनं मान डोलावली. "मग सांग," मी म्हटलं.

ती खुर्चीवरून उठली. हात मागे बांधले, शाळेत वर्गापुढे उभं राहतात तशी ताठ उभी राहिली, आणि एकेक शब्द सांभाळत शुद्ध मराठीत म्हणायला लागली. "मॅडम, माझी एक अडचण आहे. आपल्याला वेळ असेल तर सांगते."

मी निळं पेन उघडलं आणि ती सांगेल तसं लिहीत गेले. रकाना दुसऱ्याच वाक्याला भरला. मी कागद उलटा केला आणि तिला म्हटलं, पुढे सांग.